जुना संगणक, नवे कार्ड

पडद्यावर रंगीत ठिपके व रेघा उमटू लागतात, खेळ मध्येच बंद पडतो. मुलगा नवा संगणक मागतो, वडील दुरुस्ती सुचवतात. निर्णयापूर्वी दोष निश्चित करणे श्रेयस्कर. ग्राफिक्स कार्डावरील धूळ काढावी, पंखा फिरतो का पाहावे आणि तेच कार्ड दुसऱ्या संगणकात लावून पाहावे. तेथेही रेघा दिसल्या, तर दोष बहुधा कार्डाचाच.

मग प्रश्न खरेदीचा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला कमाल ७५ वॅट वीज मिळते. २०१९ मधील जीटीएक्स १६५० मूळ रचनेत तेवढ्यातच चालते. अधिक वीज घेणाऱ्या कार्डासाठी वेगळी वायर लागते आणि पॉवर सप्लायही तेवढ्या क्षमतेचा असावा लागतो. नवे ते सरस, असेही नाही. २०२२ मधील आरएक्स ६५०० एक्सटी केवळ ४ लेन वापरते. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या मदरबोर्डवर त्याचा वेग घटतो. प्रोसेसर दुबळा असेल, तर महागडे कार्डही आपले सामर्थ्य दाखवू शकत नाही.

उलाढाल पाहूनच दुकानात माल भरावा, हा व्यापारातील जुना नियम. संगणकालाही तोच लागू पडतो.