विश्लेषण : चेंडू एक, सूत्रधार दोन! ‘एनबीए’मध्ये दोन ‘बॉल-डॉमिनंट’ गार्ड एकत्र चालतात का?

क्रिकेटमध्ये दोन आक्रमक फलंदाज एकत्र खेळले तरी अडचण येत नाही. एकेरी धाव निघाली की स्ट्राइक बदलते, षटक संपले की पुन्हा बदलते. बास्केटबॉलमध्ये असा नियमच नाही. चेंडू ज्याच्या हातात, तो कधी सोडायचा हे तोच ठरवणार, आणि फेक करायला सेकंद फक्त 24. त्यामुळे चेंडू सतत स्वतःकडे ठेवणारे दोन गार्ड एका संघात आले, की ‘एका म्यानात दोन तलवारी’ची चर्चा सुरू होते.

ही चर्चा बहुतेक वेळा अहंकारावर येऊन थांबते. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे : हातात चेंडू नसताना यातला दुसरा काय करतो?

ह्यूस्टनमध्ये काय घडले?

2017 मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने जेम्स हार्डनच्या जोडीला ख्रिस पॉलला आणले. हे जमणार नाही, असे अनेकांना वाटत होते. रॉकेट्सने 82 पैकी 65 सामने जिंकले.

प्रशिक्षक माइक डी’अँटोनी यांनी दोघांची विश्रांती आलटून पालटून ठेवली. इंजिनीअरिंगची सवय म्हणा, पण हे गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. सामना 48 मिनिटांचा. हार्डन सरासरी सुमारे 35 मिनिटे खेळायचा, पॉल 32. बेरीज 67. कोर्टवर दोघांपैकी एक जण कायम हवा असेल, तर दोघांनी एकत्र 19 मिनिटे खेळले तरी भागते. उरलेली 29 मिनिटे चेंडू निर्विवादपणे एकाचाच. आणि एकत्र असतानाही पॉल तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहून नेम साधू शकत होता, त्यामुळे त्याला मोकळे सोडणे प्रतिस्पर्ध्याला परवडत नसे.

दुसऱ्या सूत्रधाराची खरी किंमत तो नसताना कळली. 2018 च्या वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत गोल्डन स्टेटविरुद्ध रॉकेट्स 3-2 असे पुढे होते. पाचव्या सामन्यात पॉलचा हॅमस्ट्रिंग दुखावला. पुढच्या दोन्ही सामन्यांत दहापेक्षा जास्त गुणांची आघाडी घेऊनही रॉकेट्स हरले. सातव्या सामन्यात तर तीन गुणांच्या सलग 27 फेकी चुकल्या. थकलेल्या हार्डनकडून चेंडू घ्यायला कोणी नव्हते.

मग मैत्रीचे काय?

हार्डन-पॉल यांचे पटत नसल्याच्या बातम्या आल्या आणि 2019 मध्ये पॉलच्या बदल्यात रसेल वेस्टब्रूक आला. तो हार्डनचा जुना मित्र. जोडी मात्र एकच हंगाम टिकली. त्या मोसमात वेस्टब्रूकच्या तीन गुणांच्या चारपैकी जेमतेम एक फेक आत जात होती. त्याचा बचावपटू त्याला सोडून थेट हार्डनला अडवायला जाई. वेस्टब्रूकला धावायला जागा मिळावी म्हणून रॉकेट्सने क्लिंट कपेला हा सेंटरच देऊन टाकला. प्लेऑफमध्ये लेकर्सने त्यांना 4-1 असे हरवले. मैत्री होती, नेम नव्हता.

डॅलसचा धडा

लुका डॉन्चिच आणि कायरी अर्व्हिंग फेब्रुवारी 2023 मध्ये एकत्र आले, तेव्हा डॅलस मॅव्हरिक्स प्लेऑफही गाठू शकले नाहीत. 38 विजय, 44 पराभव. लगेच ‘सांगितले होते ना’ सुरू झाले. पुढच्याच मोसमात 50 विजय आणि थेट अंतिम फेरी. दरम्यान दोघांचे स्वभाव बदलले असे नाही, संघ बदलला. डेरेक लाइव्हली, डॅनियल गॅफर्ड यांच्यासारखे उंच, चेंडू न मागता बास्केटकडे झेपावणारे खेळाडू आले. पी. जे. वॉशिंग्टनमुळे बचाव सुधारला. शिवाय अर्व्हिंगच्या तीन गुणांच्या 41 टक्के फेकी आत जात होत्या, म्हणजे डॉन्चिच आत घुसला तरी अर्व्हिंगला मोकळे सोडण्याची सोय नव्हती.

अंतिम फेरीत बोस्टनने त्यांना 4-1 असे हरवले, हेही खरे. पण त्याचे खापर जोडीवर फोडणे मला पटत नाही. वेस्टमधून तिथवर त्यांना याच जोडीने आणले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसने डॉन्चिचला लेकर्सकडे धाडले, महिनाभरात अर्व्हिंगचा गुडघा दुखावला आणि त्याचा मोसम संपला. आता चेंडू हाताळायला दोघांपैकी एकही नव्हता.