मागे फिरण्याची गोष्ट

नॉर्वेला जाऊन आलेली मंडळी प्रेकेस्टोलेनच्या कड्यावर पाय सोडून बसल्याचा फोटो दाखवतात. आमच्याजवळ तसा फोटो नाही. आम्ही गेलो मोल्डनला. हे नाव तुम्ही ऐकले नसेल; मीही चिरंजीवांच्याच तोंडून प्रथम ऐकले.

उंची अवघी १११६ मीटर! आपली कळसूबाई १६४६. "चहाला परत येतो," असे सौ.ला ऐटीत सांगून बापलेक निघालो.

भूर्जांची झाडी मागे पडली तसे वळून पाहिले. खाली लुस्त्राफियॉर्ड! हिमनद्यांनी डोंगर खोदले, त्यांत समुद्र शिरला, त्याचे नाव फियॉर्ड. लुस्त्रा हा सोग्नेफियॉर्डचा फाटा. तो सोग्नेफियॉर्ड २०० किलोमीटर आत शिरलेला आणि १३०० मीटरांहून खोल! लुस्त्राचे पाणी मात्र निळे नव्हे, हिरवेगार. हिमनदीने दळलेले खडकाचे पीठ उन्हाळ्यात वितळत्या बर्फाबरोबर वाहत येते. हा रंग त्याचा. पलीकडच्या काठावर उर्नेस. बाराव्या शतकातले लाकडी चर्च तिथे अजून उभे आहे.

शिखर हाकेवर आले आणि ढग उतरला. माझा तर भाताच झाला होता.

"बाबा, परत फिरू या," चिरंजीव म्हणाले.

"अरे, समोर तर आहे!"

"डोंगरात जाण्याचे इथे नियम आहेत. त्यांतला एक असा, की वेळीच मागे फिरावे. त्यात लाज नाही."

मी गप्पच झालो. तीस वर्षांपूर्वी हरिश्चंद्रगडाच्या चढावर बारा वर्षांचा हाच मुलगा रडकुंडीला येऊन "परत जाऊ" म्हणत होता. मी त्याला चारचौघांत भित्रा म्हणालो आणि ओढत वर नेले. तो ते विसरला असेल, अशी माझी समजूत होती. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कळले, विसरला नव्हता. पण त्याने शब्द काढला नाही. माझ्या खांद्यावरची पिशवी तेवढी आपल्या खांद्यावर घेतली.

उतरताना मीच म्हणालो, "त्या दिवशी गडावर माझं चुकलं रे."

थोडा वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "इथं दगड ओला आहे बाबा. माझा हात धरा."

सौ. दारातच उभी होती. "पोहोचलात का वर?"

"नाही," मी म्हणालो. पण चहाला मात्र वेळेवर आलो होतो.