शिळेवरचा आकडा

इटलीच्या उंब्रिया प्रांतात मोंतोने नावाचे डोंगरमाथ्यावरचे छोटे गाव आहे. जुलै 2023 मध्ये या गावाने एक स्मारक उभारले, सूर्यघड्याळाच्या रूपातले, आणि त्याला नाव दिले नाईक यशवंत घाडगे यांचे. घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे, मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. घाडगे एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेड टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्यानेच संपवले. मग दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय अवघे 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण कबर सापडली नाही. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे.

मोंतोनेकरांना हे स्मारक उभारायला कोणी सांगितले नव्हते. तिथली नगरपालिका आणि लष्करी इतिहासाचे काही अभ्यासक एकत्र आले आणि आपल्या डोंगरावर लढलेल्या परक्या मुलखातल्या पोराची त्यांनी 79 वर्षांनंतर आठवण ठेवली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत सुमारे 50 हजार भारतीय सैनिक लढले आणि त्यांतले 5,782 तिथल्याच मातीत राहिले. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीयांनी मिळवले. दुसरे मराठा मानकरी नामदेव जाधव तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. मोंतोनेचे कौतुक करताना एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे शक्य झाले, कारण घाडगे यांचे नाव, गाव, पलटण, तारीख आणि ते पडले ती जागा यांची लेखी नोंद शिल्लक होती. ज्यांची अशी नोंद नाही त्यांचे काय, हा प्रश्न परदेशातला नाही. तो आपल्या गावकुसातला आहे.

सातारा, रत्नागिरी, रायगड, पुणे या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत देवळाजवळ, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने बसवलेली. मजकूर बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचा असतो: या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात अमुक माणसे गेली, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. दोन आकडे असतात, नाव एकही नसते. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावातून त्या युद्धात गेलेल्यांपैकी 46 जण परतले नाहीत. पुढे त्या गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. आजही तिथल्या घराघरांत फौजी आहेत. अपशिंग्याने आपली आठवण घरोघरी जिवंत ठेवली, म्हणून तिथल्या आकड्यामागे चेहरे आहेत. पण जिथून चौघे गेले आणि दोघे मेले अशा लहान वाडीतल्या पाटीवरचा ‘2’ हा आकडा कोणाचा, हे त्या वाडीतही आज कोणाला सांगता येत नाही.

या माणसांचा मोठा हिस्सा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पडला. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमारीने खंगलेल्या त्या फौजेने 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती पत्करली आणि पुढे तुर्कांच्या कैदेत कितीतरी जण मेले. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा 40 हजारांहून अधिक मृतांसाठी बसऱ्यात स्मारक झाले. त्यावर इंग्रज सैनिक, मग तो साधा शिपाई का असेना, नावानिशी आहे. हिंदी अधिकारीही नावानिशी आहेत. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतके’ अशा संख्येने नोंदवले आहेत. वर्ण, हुद्दा आणि धर्म न पाहता प्रत्येक मृताला सारखा मान द्यायचा, असे ब्रीद घेऊन 1917 मध्ये स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाने हे केले. एप्रिल 2021 मध्ये त्याच आयोगाने चौकशी अहवाल प्रसिद्ध करून जाहीर माफी मागितली. किमान 1 लाख 16 हजार मृतांची नावाने किंवा कसलीच नोंद झाली नव्हती, हे त्याने कबूल केले. त्यांत पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले लोक प्रामुख्याने होते. शंभर वर्षांनी का होईना, चूक लेखी मान्य झाली. आपल्या गावोगावच्या पाट्यांची मात्र कोणी चौकशी केलेली नाही.

दगडावरच्या नावाने काय होते, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. भीमा कोरेगावचा स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या विजयासाठी उभारला. त्यामागे तिचा स्वार्थ होता आणि त्या लढाईचा अर्थ काय, यावर वाद होत राहतील. पण त्या स्तंभावर मृतांची नावे कोरली गेली आणि त्यांत ‘नाक’ प्रत्यय असलेली 22 नावे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या महार समाजाला लष्कराचे दरवाजे बंद झाले, त्या समाजाला आपले पूर्वज सैनिक होते, हे दाखवायला तो दगड पुरावा म्हणून उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी तिथे गेले, ते त्या नावांसाठी. तिथे ‘22’ एवढाच आकडा कोरला असता तर हा इतिहास घडला नसता.

स्वतंत्र भारताने आपल्या जवानांसाठी राष्ट्रीय युद्धस्मारक उभारायला 71 वर्षे घेतली. मागणी 1960 पासूनची होती. 25 फेब्रुवारी 2019 रोजी दिल्लीत इंडिया गेटजवळ ते राष्ट्राला अर्पण झाले. तोवर इंडिया गेट हेच आपले स्मारक होते, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यासाठी लढलेल्यांच्या कमानीखाली 1971 च्या युद्धानंतर आपण अमर जवान ज्योती पेटवली होती. नव्या स्मारकातल्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या फरशांवर 25 हजारांहून अधिक नावे आहेत आणि प्रत्येक जवानासाठी एक फरशी आहे. जनरल असो वा शिपाई, फरशीचा आकार तोच. या रचनेचे आम्हाला मनापासून मोल वाटते. श्रीलंकेत 1987 ते 1990 दरम्यान सुमारे 1,200 भारतीय जवान कामी आले. त्यांचे स्मारक कोलंबोजवळ श्रीलंकेने आधी बांधले, आपण नाही. ज्या मोहिमेची राजकीय आठवण नकोशी झाली, त्या मोहिमेतले मृतही नकोसे झाले होते. दिल्लीच्या फरशांनी तो अन्याय थोडा तरी धुऊन काढला.

आता महाराष्ट्राकडे पाहू. पुण्यात घोरपडीला दक्षिण मुख्यालयाचे युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले, याचा अभिमान वाटावा. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हजारो खलाशांची नावे आहेत. पण किती मुंबईकरांनी ती पाहिली असतील? गोवामुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावर पडलेल्या 7 नौसैनिकांचे स्मारक शेजारच्या गोव्यात वास्कोजवळ आहे. एकेक ठिकाण आपापल्या परीने चांगले आहे. त्यांना जोडणारा धागा मात्र कोणाच्याच हातात नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्या गावातला कोण, कोणत्या लढाईत, कुठे पडला याची एकत्रित, लोकांना पाहता येईल अशी गाववार सूची आपल्याकडे नाही. गाव वेशीवर कमान बांधते, चौकाला नाव देते, पहिल्या वर्षी हार घालते. नंतर फलकावरची अक्षरे पुसट होतात आणि दुरुस्ती कोणी करायची, ग्रामपंचायतीने, बांधकाम विभागाने की सैनिक कल्याण कार्यालयाने, हे ठरत नाही.

पंजाबच्या बाबतीत यावर काम झाले आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या पंजाबी सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सुमारे शतकभर पडून होत्या. ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी त्या संगणकावर आणल्या. त्यांत सुमारे 3 लाख 20 हजार नोंदी होत्या. परदेशात वाढलेल्या पंजाबी कुटुंबांना आपल्या पणजोबांचे नाव, गाव आणि पलटण पहिल्यांदा कागदावर दिसली. महाराष्ट्रात असे करायचे तर साधने विखुरलेली आहेत: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला, तोफखान्याचे रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्स खडकीला. शिवाय महसूल दप्तरातल्या जमिनीच्या इनामांच्या नोंदी आणि गावच्या पाट्या आहेतच. काम अवघड आहे, पण एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला न पेलणारे नाही.

पुरस्कारांच्या बाबतीतही हेच दुखणे आहे. परमवीरचक्र 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झाले. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या या बाईंनी त्या पदकात इंद्राचे वज्र आणि शिवछत्रपतींची तलवार आणली. आजवर हे पदक 21 जणांना मिळाले, त्यांतले 14 मरणोत्तर. ज्यांना ते जिवंतपणी पहिल्यांदा मिळाले ते बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंदियाचे. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा ते राजौरीच्या वाटेवर जखमी मांडीने, शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग काढत त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला. 23 जानेवारी 2023 रोजी अंदमानातल्या 21 बेटांना या 21 वीरांची नावे दिली गेली, राणे यांचेही. हा गौरव योग्यच आहे. पण शौर्यपदक मिळाले की राज्यागणिक त्याचे मोल बदलते, हे कसे समजून घ्यायचे? एकाच पदकाला एक राज्य एक रक्कम देते, शेजारचे राज्य त्याच्या कित्येक पट जास्त. जवान देशासाठी लढतो आणि मान मात्र त्याच्या जन्मगावाच्या राज्याच्या तिजोरीप्रमाणे ठरतो. 2022 मध्ये गुजरातेतल्या एका कुटुंबाने आपल्या मुलाचे टपालाने घरी आलेले शौर्यचक्र परत पाठवले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की ते राष्ट्रपतींच्या हस्ते, समारंभात मिळावे. तो त्यांचा हक्कच होता.

जे मेले नाहीत, पण अपंग होऊन घरी आले, त्यांची नोंद तर सर्वांत उशिरा होते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर इएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी दुरुस्ती दलात, जवान होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. त्यांनी पोहणे धरले आणि 1972 च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. भारताचे हे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यानंतर त्यांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. दरम्यान त्यांनी अर्ज केले आणि ते नाकारलेही गेले. पेटकर लढत राहिले म्हणून हे झाले. जे लढू शकले नाहीत, ज्यांना खडकीच्या पुनर्वसन केंद्रात किंवा घरातल्या खाटेवर आयुष्य काढावे लागले, त्यांच्यासाठी अर्ज कोण करणार?

आणि गौरवाच्या शिडीवर ज्यांना पायरीच नाही, त्यांचा विचार झालाच पाहिजे. सियाचीनमध्ये 1984 पासून गोळीपेक्षा थंडीने, हिमस्खलनाने आणि उंचीने जास्त माणसे मारली. फेब्रुवारी 2016 मध्ये सोनम चौकीवर हिमकडा कोसळून 10 जवान गेले. त्यांतला एक साताऱ्याचा होता. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अग्निवीराला त्याच हिमनदीवर मरण आले. गावात त्यालाही तिरंग्यातून निरोप मिळाला, बंदुकीची सलामीही मिळाली. पण नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळते तसे कौटुंबिक निवृत्तिवेतन अग्निवीराच्या आईवडिलांना मिळत नाही. एकरकमी विम्याचे पैसे आले, तरी ते त्याची जागा घेऊ शकत नाहीत. एकाच बर्फात, एकाच वर्दीत, एकाच चौकीवर उभे असलेल्या दोघांच्या मृत्यूला सरकारने दोन भाव लावू नयेत. या तरतुदीत केंद्राने बदल करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राज्य सरकारकडून आमची अपेक्षा मोठ्या पुतळ्याची नाही. येत्या अर्थसंकल्पात राज्य सैनिक कल्याण विभागाला स्वतंत्र तरतूद द्यावी आणि गाववार सूचीचे काम एखाद्या विद्यापीठाबरोबर करार करून सुरू करावे. 1914 पासून आजपर्यंतच्या प्रत्येक मृत आणि अपंग सैनिकाचे नाव मराठीत, गावासह, पलटणीसह त्यात यावे. मुंबई इलाख्यातले खलाशीही त्यात असावेत, कारण युद्धात समुद्रावर मेलेल्या कोकणी माणसाला आपण अजून सैनिकांच्या बरोबरीने बसवलेले नाही. गावच्या जुन्या पाटीवर जिथे आकडा आहे, तिथे शेजारी नावांची पाटी लागावी, आणि तिची देखभाल कोणाकडे हे शासननिर्णयात लिहिले जावे. सैनिकांच्या घरी जाऊन आठवणी नोंदवण्याचे काम मात्र सूचीची वाट पाहत थांबवू नये. 1965 च्या लढाईत विशीत असलेला जवान आज ऐंशीच्या पुढे आहे, आणि आपल्या सेक्शनमधला शेजारी कुठे, कसा पडला हे फक्त त्यालाच माहीत असते. जिल्हा कार्यालयांनी ही भेटसत्रे याच हिवाळ्यात सुरू करावीत.