सफारीला सूट, भूमिहीनाला पुरावा

वनसंरक्षण कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. सरकारी सफारी आणि वनखात्याच्या आराखड्यातले निसर्ग-पर्यटन आता ‘वनेतर वापर’ ठरत नाही. वनजमीन कसणाऱ्या दलित भूमिहीनाला मात्र 2006 च्या वनहक्क कायद्यात तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांनी कागद आणायचा कुठून?

जंगल राखायला आमचा विरोध नाही. रोजगारही हवाच. पण पर्यटकाला जंगल आणि आम्हाला रिसॉर्टची झाडलोट, याला समतोल म्हणत नाहीत. 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन भूमिहीन तुरुंगात गेले, ते जमिनीसाठी.

तरुणांनो, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही वनहक्क नियमांत पुरावा आहे. म्हातारी माणसे आहेत तोवर तो नोंदवून घ्या, ग्रामसभेत दावे दाखल करा.

जय भीम!