पक्षी पाहा, उडवू नका

नांदूर मध्यमेश्वरला येणाऱ्या सर्वांना कळकळीचे आवाहन

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटू लागल्या, की नांदूर मध्यमेश्वरला दोन गर्द्या होतात. पाण्यावरची गर्दी तिबेट-मंगोलियाकडून आलेली असते, काठावरची नाशिक, पुणे, मुंबईहून. हे आवाहन काठावरच्या गर्दीला आहे. ते आजच करायचे कारण संक्रांत तोंडावर आली आहे आणि मार्च लागला की पाहुणे परतीच्या वाटेला लागतील. मधले हे थोडके दिवसच त्यांना खाऊन-पिऊन अंगात बळ साठवायला मिळतात.

मागच्या रविवारी पहाटे चापडगावच्या बाजूने काठाकाठाने चालत होतो. पाण्यावर धुके होते. आधी ऐकू आल्या त्या जांभळ्या पाणकोंबड्या, मग पाणवनस्पतींतून त्यांचे लाल पाय दिसले. शेकाटे गुडघाभर पाण्यात उभे होते. थापट्या बदके चोची पाण्याला लावून गोल गोल फिरत होती. कपाळावर पांढरे गंध लावल्यासारखे दिसणारे काळे वारकरी पक्षी शेकड्यांनी होते. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वराच्या वाटेला दिंड्या लागतात आणि त्याच दिवसांत इथे पाण्यावर ही दिंडी उतरलेली असते. पलीकडे गाळाच्या उंचवट्यावर पट्टकादंब बसले होते. पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, चोच पिसांत खुपसलेली. दीडएकशे तरी असतील.

एवढ्यात मागून एक घोळका आला. हातभर लांबीच्या लेन्स, नवे कोरे बूट. त्यातला एक जण सोबतच्या गावातल्या गाइडला म्हणाला, “भाऊ, एक खडा मारा ना. उडतानाचा फोटो पाहिजे.”

गाइड हसला. म्हणाला, “साहेब, निजलेल्या पाव्हण्याला कुणी असं उठवतं का?”

बोलणे तिथेच संपायला हवे होते. पण दुसऱ्याने टाळ्या वाजवल्या. सगळा थवा एकदम उठला. कॅमेरे खटखटले, कुणीतरी “वा!” म्हटले. पट्टकादंबांनी दोन फेऱ्या मारल्या आणि ते लांब जाऊन बसले. नऊ वाजेपर्यंत वेगवेगळ्या लोकांनी तो थवा आणखी चार वेळा उठवला.

हे सांगताना माझेही हात स्वच्छ नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी पहिला कॅमेरा घेतला तेव्हा मीही अशीच टाळी वाजवली होती. तो फोटो छान आला होता. त्याची किंमत कुणी मोजली, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

ती किंमत समजून घ्या. पट्टकादंब हा अडीच-तीन किलोचा पक्षी हिमालय ओलांडून येतो. शास्त्रज्ञांनी बसवलेल्या यंत्रांनी त्याची सात हजार मीटरहून अधिक उंचीवरची उड्डाणे नोंदवली आहेत. घारीसारखे पंख पसरून तो तरंगत येत नाही, बहुतेक वाट पंख मारत कापतो. तिथल्या विरळ हवेत एकेक पंख मारायला लागणारी ताकद अंगातल्या चरबीतून येते. परतीच्या प्रवासाची ती चरबी इथे, निफाड-सिन्नरच्या शेतशिवारात साठते. हे पक्षी बरेचसे रात्री चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. आपली सकाळ म्हणजे त्यांची झोपेची वेळ. उडायला बसून राहण्यापेक्षा कितीतरी पट ताकद लागते. एका फोटोसाठी उठवलेला थवा मरत नाही, हे खरे. पण दर रविवारी पाच-पाच वेळा उठवला, तर साठवणीची गळती सुरू होते.

नांदूर मध्यमेश्वरला हा धोका जास्त का, याचे कारण या जागेच्या घडणीतच आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात दगडी बंधारा बांधला गेला. तो कालव्यांसाठी होता, पक्ष्यांसाठी नव्हता. पुढे जलाशयात गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटे आणि दलदल तयार झाली. सिंचनाला नडणारा हा गाळ पक्ष्यांना मानवला. १९८६ मध्ये इथे अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झाले. पाणी उथळ आहे म्हणून पक्षी काठाजवळ येतात, आणि काठाजवळ येतात म्हणून आपल्या टाळीच्या टप्प्यात सापडतात. त्यात कालव्याचे आवर्तन सुटले की पाणी ओसरते आणि बसायच्या जागा बदलतात. एका जागेवरून उठवलेल्या थव्याला दुसरी निवांत जागा मिळेलच असे नाही.

म्हणून या हंगामात येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विनंती:

पहाटे या, पायी चाला, हळू चाला. ऊन पाठीशी राहील अशी बाजू धरा. मळकट, मातकट रंगाचे कपडे घाला. दुर्बीण नसेल तर मागून आणा. निरीक्षण मनोऱ्यावर बसून अर्धा तास शांत राहिलात तर पक्षी आपणहून जवळ येतात.

पक्ष्यांची भाषा वाचा. थव्यातल्या माना एकदम ताठ वर झाल्या, चरणे थांबले, बदके तुमच्याकडे पाठ करून सरकू लागली, तर ती “आता पुरे” असे सांगत आहेत. तिथेच थांबा आणि दोन पावले मागे या.

खडा, टाळी, शिटी, गाडीचा हॉर्न नको. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. ड्रोन आणू नका. पक्ष्यांना तो वरून झेपावणारा शिकारी वाटतो. शेव, फरसाण, पाव पाण्यात टाकू नका, आणि त्यांची पाकिटेही. अभयारण्यात वन्यजीवांना छेडणे आणि कचरा टाकणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मना आहे.

गाइडला खडा मारायला सांगू नका. तो नाही म्हणाला तर त्याचे ऐका आणि ठरलेल्यापेक्षा चार पैसे जास्त द्या. पक्षी टिकले तरच त्याची चूल टिकणार आहे.

आता संक्रांतीचे. येवला इथून फार लांब नाही. भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस तिथले आकाश पतंगांनी भरते, हलकडी हे वाद्य वाजते, गच्च्यागच्च्यांवर मांजाच्या आसाऱ्या फिरतात. तो सण मोडा असे कुणी म्हणत नाही. पण नायलॉनचा मांजा कुजत नाही आणि सहजी तुटत नाही. पतंग कटला तरी तो झाडांवर, तारांवर महिनोन्‌महिने लोंबत राहतो, आणि पहाटे-संध्याकाळी खालून उडणाऱ्या बगळ्याचा पंख कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच त्यावर देशभर बंदी घातली. तरीही तो चोरून विकला जातो, कारण आपण तो मागतो. मुलांच्या हातात सुती दोरा द्या. सण सरला की गच्चीवरचा आणि झाडावरचा गुंता काढून टाका.

मांजात अडकलेला पक्षी दिसला तर दोरा ओढू नका, जखम वाढते. दोन्हीकडून दोरा कापा, पक्ष्यावर सुती कापड टाका, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. तोंडात पाणी ओतू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

शिक्षकांना वेगळी विनंती. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. आपल्या गावतळ्यावरही वही-पेन्सिल घेऊन मुलांना न्या आणि मोजायला लावा. मोजायचे तर पक्षी जागेवर बसलेले हवेत, हे मुलांना पहिल्याच दिवशी समजते. मोठ्यांना ते समजवायला असे आवाहन लिहावे लागते.

२ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन येईल, भाषणे होतील. त्याआधीचे रविवार आपल्या हातात आहेत. संक्रांतीला पतंग खुशाल उडवा. पक्षी मात्र बसू द्या. येत्या रविवारी नांदूर मध्यमेश्वरला येणार असाल, तर दुर्बीण सोबत आणा, आणि काठावरचा खडा काठावरच राहू द्या.