वेशीवर कोणाचे चित्र?

वेस म्हणजे गावाचे कपाळ. त्या कपाळावर गाव काय रेखाटते, यावरून आत काय चालले आहे याची कल्पना येते. पूर्वी तेथे शेंदराने माखलेला मारुती असे, पोळ्याला आंब्याच्या पानांचे तोरण लागे, सणासुदीला चुना-गेरूचा हात फिरे. आज तेथे काय दिसते? वाऱ्याने फाटून लोंबणारा वाढदिवसाचा फलक! मध्यभागी हात जोडलेले साहेब, वर त्यांच्या वरिष्ठांची रांग आणि तळाशी शुभेच्छुकांच्या पन्नास मुद्रा. वाढदिवस उलटून दोन महिने झालेले असतात. साहेबांचा चेहरा उन्हाने पांढरा पडलेला असतो. तरी फलक उतरत नाही, कारण उतरवण्याचे काम कोणाचेच नसते.

हे दृश्य एखाद्या गावाचे नाही, ते मराठवाड्यात सर्वत्र आहे. परंतु त्याचा विचार करण्यासाठी जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीचे उदाहरण समोर ठेवावेसे वाटते. घनसावंगी तालुक्यातील हे गाव अलीकडेच ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाले. डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात राज्यातील अन्य नगरपंचायतींबरोबर तेथेही निवडणूक झाली. खेड्याचे शहर होणे म्हणजे नेमके काय होणे? अधिक कर, अधिक कार्यालये आणि अधिक फलक, एवढेच काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या संविधानातच आहे. ग्रामपंचायतींच्या विषयांची सूची अकराव्या अनुसूचीत आहे. तेथे २९ विषय असून २१वा विषय ‘सांस्कृतिक कार्य’ हा आहे. नगरपालिकांचे १८ विषय बाराव्या अनुसूचीत आहेत. त्यातील १३वा विषय सांस्कृतिक आणि शैक्षणिक अंगांबरोबर सौंदर्यविषयक अंगाचे संवर्धन करण्याचा आहे. खेड्याच्या सूचीत नसलेला ‘सौंदर्य’ हा शब्द शहराच्या सूचीत आला आहे! खेड्यात सौंदर्य नसते म्हणून तो तेथे नाही असे नव्हे. खेड्यात ते घराघरात आपोआप जपले जाते आणि शहरात ते प्रयत्नपूर्वक जपावे लागते, असा त्याचा आम्ही अर्थ लावतो. अर्थ काहीही लावा; नगरपंचायत झालेल्या गावाला सौंदर्याचा विचार ही चैन नसून तो त्याच्या कार्यकक्षेतील विषय आहे, हे निर्विवाद.

सुशोभीकरण नावाचा ठेका

येथे कोणी म्हणेल, सुशोभीकरण तर सर्वत्र चाललेच आहे. होय, चालले आहे, पण कसे? निविदा निघते, ठेकेदार येतो. चौकात फायबरचा मोर नाहीतर हत्ती बसतो. कार्यालयाच्या भिंतीवर साच्याने वारली नाच उमटतो. बसस्थानकाजवळ ‘आय लव्ह’ असे इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे लाल बदाम आणि मग गावाचे नाव येते. छायाचित्रे निघतात, देयक मंजूर होते, विषय संपतो.

त्या लाल बदामाचा इतिहास तरी आपण विचारला आहे काय? १९७७ साली न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटन मोहिमेसाठी मिल्टन ग्लेझर या न्यूयॉर्ककर चित्रकाराने ते बोधचिन्ह रेखाटले. आपल्या शहरावरील प्रेमाला त्याने आपल्या भाषेत आकार दिला. त्याचे अनुकरण करायचे तर त्या प्रेमाचे करावे. आपण बदाम उचलला. वारलीचेही तेच. वारली वस्तीतील सुवासिनी लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर चौक लिहीत, त्या परंपरेतून ती कला उभी राहिली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले. ती कला थोर झाली, कारण ती आपल्या मातीशी प्रामाणिक राहिली. तिचा साचा मागवून गोदाकाठच्या भिंतीवर छापणे हा वारलींचाही सन्मान नव्हे आणि गोदाकाठचाही नव्हे. कापूस, ऊस आणि मोसंबी पिकवणाऱ्या या मुलखाला स्वतःचे रेखाटण्यासारखे काहीच नाही काय?

जांबच्या सुपुत्राचे उदाहरण

याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. तीर्थपुरीच्याच तालुक्यात जांब आहे. १६०८ साली तेथे नारायण सूर्याजीपंत ठोसर जन्मले आणि पुढे समर्थ रामदास झाले. समर्थांविषयी आपण बलोपासना बोलतो, राजकारण बोलतो. पण या मुलखाच्या सुपुत्राने लोकांसाठी, लोकांच्या वाटेवर, लोकांच्या सामग्रीतून जे कलाकार्य उभे केले, त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर या परिसरातील अकरा मारुती आठवा. शहापूरचा मारुती ‘चुन्याचा मारुती’ म्हणूनच ओळखला जातो. मसूरची मूर्तीही चुन्याची. उंब्रजच्या मठातील मूर्ती चुना, वाळू आणि ताग यांची. माजगावच्या शिवेवर एक धोंडा होता, गावकरी त्यालाच मारुती मानीत. समर्थांनी त्यावरच मूर्ती घडवून प्रतिष्ठापना केली, असे परंपरा सांगते. संगमरवर मागवला नाही, राजाश्रयाची वाट पाहिली नाही. जे गावात होते त्यालाच आकार दिला आणि ज्यावर गावाची श्रद्धा होती त्यालाच रूप दिले. सार्वजनिक कलेची यापेक्षा नेमकी व्याख्या कोणत्या कलाविद्यालयात मिळेल?

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर केवळ लेखनक्रियेला वाहिलेला आहे. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, ओळ सरळ राहावी, आरंभापासून अखेरपर्यंत वळण एकच असावे, पानाला समास सोडावा, इतका बारकावा तेथे आहे. मोक्षाची चर्चा करणारा ग्रंथ अक्षराच्या गोलाईची चिंता वाहतो. रोजच्या कामातील नेटकेपणा आणि परमार्थ या दोन गोष्टी समर्थांना वेगळ्या वाटत नव्हत्या. आपल्याला मात्र दुकानाच्या पाटीवरील ऱ्हस्व-दीर्घाचीही खंत उरलेली नाही.

कला घरात आहे, तिला चौक नाही

समर्थांचा तो वारसा लुप्त झाला आहे असे नव्हे. तो उंबरठ्याच्या आत जिवंत आहे. रोज पहाटे सडा घालून जी माउली ठिपक्यांची रांगोळी काढते, ती कोणत्याही प्रदर्शनावाचून दररोज नवी रचना सिद्ध करते. नागपंचमीला भिंतीवर नाग काढला जातो. महालक्ष्म्यांपुढे आरास उभी राहते. दिवाळीत अंगणात शेणाचे पांडव मांडले जातात. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून वाकळ शिवताना रंगसंगतीचा जो विचार होतो, तो पुस्तकातून आलेला नसतो. आणि पोळा? शिंगांना हिंगूळ, बाशिंगे, घुंगुरमाळा, अंगावर झूल. त्या दिवशी वेशीवर भरणारे बैलांचे संमेलन हे कष्टकऱ्याने आपल्या सोबत्याच्या गौरवार्थ मांडलेले कलादालनच असते.

म्हणजे कलावंत आहेत, सामग्री आहे, संस्कार आहे. नाही ती जागा! घराबाहेरची प्रत्येक दर्शनी भिंत आणि प्रत्येक खांब फलकबाजांनी व्यापला आहे. शाळेत शासकीय रेखाकला परीक्षांना मुले बसतात, दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळवतात आणि कुंचला कायमचा ठेवून देतात. कारण परीक्षेनंतर चित्र काढायला गावात भिंतच नसते. पाट्या रंगवणारा गावचा पेंटर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फ्लेक्सच्या यंत्राने निष्प्रभ केला. एका रात्रीत छापून मिळणाऱ्या चेहऱ्यासमोर चार दिवस बसून अक्षर घोटणाऱ्याचे काय चालणार?

याउलट गावाच्या सामग्रीवर आणि गावाच्या हातांवर विश्वास टाकला की काय घडते, याचा इतिहास आपल्याच राज्यात आहे. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन खानदेशातील फैजपूरला भरले. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावले आणि अट घातली, खेड्यात मिळेल तीच सामग्री वापरायची. बांबू आणि गवत यांतून नगर उभे राहिले. पुढे याच नंदलालांनी आणि त्यांच्या शिष्यांनी संविधानाच्या मूळ प्रतीची पाने चित्रांनी सजवली. फैजपुरात बांबू हाताळणारा हात आणि राष्ट्राच्या सर्वोच्च ग्रंथावर चित्र रेखणारा हात एकच होता. खेड्याची कला आणि राष्ट्राची कला असा भेद करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

‘आधी पाणी, मग चित्रे’

एक आक्षेप हमखास येईल. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर धावतात, रस्त्यांत खड्डे आहेत आणि तुम्हाला रंगरंगोटी सुचते? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. पाणी आधी, यात शंका नाही. परंतु पाण्याची योजना आणि भिंतीवरचा चुना यांच्यात स्पर्धा आहे, हे गृहीतच चुकीचे आहे. फायबरच्या हत्तीला लाखांचा निधी लागतो. चुना, गेरू आणि काव यांना तो लागत नाही. आणि समर्थांचे मारुती कोणत्या काळात उभे राहिले? १६३०-३२च्या भीषण दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त केल्यास जेमतेम दीड दशक झाले होते, तेव्हा. खचलेल्या समाजाला उभे राहण्यासाठी धान्याबरोबर रूपही लागते, हे त्या महापुरुषाने ओळखले होते.

शिवाय, जे स्वतःच्या हाताने घडवले ते माणूस जपतो. ऑगस्ट २०२२मध्ये जांबच्या राममंदिरातून पुरातन मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा सारी पंचक्रोशी अस्वस्थ झाली आणि ऑक्टोबरात त्यांचा छडा लागला तेव्हा घराघरात आनंद झाला. ठेकेदाराचा मोर कोणी उचलून नेला तर कोणाच्या डोळ्यांत पाणी येईल? ज्या भिंतीवर आपल्या लेकीचे चित्र आहे, त्या भिंतीखाली कचरा टाकताना हात थबकतो. स्वच्छतेची घोषणा भिंतीवर लिहून जे होत नाही, ते त्या चित्राने होते.

आरसा आपल्यालाही

येथवर वाचून आपले कार्यकर्ते मान डोलावत असतील. आता थोडे आपल्याकडे पाहू. उत्सव आपले, मंडळे आपली आणि त्यांच्या फलकांवरील चेहरे कोणाचे? गणेशोत्सवाच्या कमानीवर गणपतीपेक्षा अध्यक्षांची मुद्रा मोठी असते. पाडव्याच्या शुभेच्छांत गुढी कोपऱ्यात आणि आपण मध्यभागी! १९९९ साली डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाने नववर्ष स्वागतयात्रा काढली, तिचे अनुकरण गावोगाव झाले. त्या यात्रेतील रांगोळ्या आणि चित्ररथ घ्यायचे होते. कित्येक ठिकाणी आपण केवळ फलक घेतले. दोष परक्यांना देण्याआधी हा मोह आवरला पाहिजे.

कायदाही आपल्याला ठाऊक नाही असे नाही. मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा १९९५चा. अवैध फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाचे सविस्तर आदेश २०१७चे. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पी.व्ही.सी. फलकांवर देशभर बंदी १ जुलै २०२२पासूनची. कायद्याची उणीव नाही, लाजेची आहे.

म्हणून तीर्थपुरीतील आणि तिच्यासारख्या प्रत्येक नव्या शहरातील सज्जनांपुढे चार गोष्टी ठेवतो. नगरपंचायतीचे प्रभाग सतरा असतात. प्रत्येक प्रभागात एक दर्शनी भिंत निवडावी, घरमालकाची संमती आणि नगरपंचायतीची लेखी अनुमती घ्यावी आणि ती त्या प्रभागातील माता-भगिनींच्या व विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावी. विषय त्यांनी ठरवावा. चित्र साधले नाही तर पुढच्या दिवाळीला पुन्हा चुना फासून नवे काढावे. भिंत म्हणजे काही शिलालेख नव्हे. दुसरे, २०२२च्या दुरुस्तीने दुकानांच्या पाट्या मराठीत असणे सर्वांना बंधनकारक झाले आहे. त्या छापून घेण्याऐवजी गावच्या पेंटरकडून हाताने रंगवून घ्याव्यात आणि त्याच्या हाताखाली रेखाकला परीक्षा दिलेली दोन मुले बसवावीत. लेखनक्रियेचा समास या मुलखात तरी पोथीतून पाटीवर उतरला पाहिजे. तिसरे, पोळ्याच्या दिवशी वेशीवर एकही फलक नको. तेथे मान बैलांचा. आणि चौथे, जे सर्वांत कठीण आहे ते आपण कार्यकर्त्यांनी करावे. स्वतःच्या मुद्रेचा फलक कधीही न लावण्याचा संकल्प येत्या पाडव्याला करावा आणि तो उच्चरवाने जाहीर करण्यासाठीही फलक लावू नये!

समर्थांनी अकरा ठिकाणी मारुती उभे केले. एकाही ठिकाणी स्वतःची मूर्ती बसवली नाही. पावणेचारशे वर्षे लोटली, चुन्याचे ते मारुती अजून पुजले जात आहेत. आपले फलक पुढच्या वळवाला फाटणार आहेत. वेशीवर कोणाचे चित्र असावे, याचा निर्णय या दोहोंकडे पाहून प्रत्येकाने स्वतःशी करावा.