अभ्यासिका हवीच, पण आधी भिंती तपासा

तिसगावातल्या मुलांना अभ्यासिका हवी आहे, ही मागणी जुनीच आहे. भरतीची, एमपीएससीची तयारी करणारी मुलं पाथर्डीला नाहीतर नगरला खोली करून राहतात. मुलींना बहुतेक घरांतून तेवढीही परवानगी मिळत नाही. त्यामुळे गावाबाहेरचा, कित्येक वर्षं बंद असलेला जिनिंगचा शेड मालकानं नाममात्र भाड्यानं द्यायची तयारी दाखवली, तेव्हा मोहल्ल्यात ईदसारखा आनंद झाला. वर्गणी सुरू झाली. मी साइटवर काम करणारा सिव्हिल इंजिनिअर, म्हणून कमिटीनं मला खर्चाचा अंदाज बघायला बोलावलं.

अंदाज चार लाख साठ हजारांचा होता. रंग, फरशी, पंखे, कॅमेरे, वायफाय, आणि मुलींना वेगळी जागा हवी म्हणून लोखंडी अँगलवर एक माळा. भिंती तपासायला एक रुपयाही धरलेला नव्हता. मी विचारलं तेव्हा कमिटीतले एक चाचा म्हणाले, "बेटा, चाळीस वर्षं उभा आहे शेड. इतक्या दिवसांत पडला नाही, तो आताच कसा पडेल?"

चाचांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण बहुतेक लोक असाच विचार करतात. पण तो शेड चाळीस वर्षं कशासाठी उभा होता? कापसासाठी. कापसाचं ओझं जमिनीवर होतं, भिंतींना फक्त पत्र्याचं छप्पर पेलायचं होतं. आता माळा टाकला की मुली, बाकं, पुस्तकांची कपाटं, सगळ्यांचं वजन त्याच भिंतींवर आणि खांबांवर येणार. भारतीय मानक 875 मध्ये राहत्या घराच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात, वर्गखोलीसाठी 300, आणि खुर्च्या पक्क्या न बसवलेल्या सभागृहासाठी 500. आमच्या अंदाजात माळ्याला किती भार धरलाय, असं मी विचारलं. ठेकेदार म्हणाला, "मजबूत करून देतो."

आता भूकंपाचं. "आपल्याकडे कुठं भूकंप होतात?" हे वाक्य त्या बैठकीत तीनदा ऐकलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग त्या वेळच्या भूकंप नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. जवळपास दहा हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड धाब्यांखाली. पुढे 2002 साली मानक 1893 सुधारलं, तेव्हा तो पहिला झोनच काढून टाकला. आज देशातला कुठलाही तालुका त्या नकाशाबाहेर नाही.

भूकंपात इमारतीवर येणारं बळ तिच्या स्वतःच्या वजनावर अवलंबून असतं. एसटीनं ब्रेक मारल्यावर उभा माणूस पुढे जातो, आणि त्याच्या डोक्यावर पोतं असेल तर तो पडतोच. पत्र्याचा हलका शेड याबाबतीत खरं तर नशीबवान. आपणच त्याच्या डोक्यावर माळा, विटांच्या आडभिंती आणि पाण्याची टाकी चढवतो. शिवाय आमच्या शेडची लांबीची भिंत उंच आणि सलग आहे. मधे आडवी भिंत नाही, खिडक्यांवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा नाही. अशी भिंत हादऱ्यात बाहेरच्या बाजूला कोसळते. तीत आणखी दोन दारं पाडायचं ठरलं होतं.

याच मानकात एक तरतूद आहे, ती आपल्या प्रत्येक ट्रस्टनं वाचावी असं मला वाटतं. वापर बदलल्यामुळे इमारत जास्त महत्त्वाच्या वर्गात गेली, तर तिनं नव्या इमारतीला लागू असलेल्या भूकंपाच्या अटी पूर्ण केल्या पाहिजेत. गोदामाचा महत्त्व गुणांक 1, शाळेचा किंवा सभागृहाचा 1.5. म्हणजे दीडपट बळ धरून हिशेब. 'जुनी आहे, चालतंय' ही सवलत तिथंच संपते. औद्योगिक जागा शैक्षणिक कामाला वापरायची तर वापरबदलाची परवानगीही लागते, ते वेगळंच.

भूकंप नसतानाही वापरबदल जीव घेतो. ढाक्याजवळची राणा प्लाझा दुकानं आणि ऑफिसांसाठी बांधलेली होती. वर बेकायदा मजले चढवले, कपड्यांचे कारखाने आणि जनरेटर बसवले. 23 एप्रिल 2013 ला भेगा दिसल्या, खालची बँक आणि दुकानं बंद झाली, पण शिलाई कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. अकराशेहून जास्त मेले, त्यात बाया-मुली जास्त. आमच्या शेडमध्येही माळ्यावर मुलीच बसणार आहेत आणि उतरायला जिना एकच आहे, हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा पहिल्यांदा सगळे गप्प झाले.

मग कुणीतरी म्हणालं, "माझ्या ओळखीचा एक जण न बघता सर्टिफिकेट देतो." मित्रांनो, मला राग आला तो याचा. चाचांच्या अज्ञानाचा नाही. ती सही कलेक्टर कचेरीत चालेल, भिंतीला तिचं काय?

मी साइट इंजिनिअर आहे, असं प्रमाणपत्र द्यायचा अधिकार मला नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं येऊन पाया उकरून बघावा, जोडणी मातीची की सिमेंटची ते तपासावं, खांबांच्या बुडाचा गंज खरवडावा, आणि मग माळा नको म्हणाला तर ते ऐकावं. बहुधा तो उपायही सांगेल: भिंतीला पट्टा, कोपऱ्यांना जोड, माळा हवाच असेल तर भिंतीला न टेकता स्वतःच्या खांबांवर आणि स्वतःच्या पायावर. विटा-दगडांच्या जुन्या इमारती मजबूत करण्यासाठी 13935 क्रमांकाचं वेगळं मानकही आहे. खर्च येईल. कॅमेरे आणि वायफाय एक वर्ष थांबले तर कुणाचं काही बिघडत नाही. ही लोकांनी दिलेली अमानत आहे, ती आधी तिथंच लागली पाहिजे.

सध्या एवढंच ठरलंय की ऑडिट होईपर्यंत वेल्डिंग बंद, आणि शाळेच्या दोन खोल्या संध्याकाळी मागायच्या. एक मुलींसाठी. माळ्याचे अँगल शेडबाहेर पडून आहेत. ठेकेदार रोज फोन करतो, आणि चाचा मस्जिदीबाहेर भेटले की विचारतात, "इंजिनिअरसाहेब, झाली का तुमची भिंत पास?"